भरल्या गाडीचं माप

टप्प आवाज झाला आणि काहीतरी फरशीवरून घरंगळत जाऊन भिंतीला टेकलं.

दुपारची वेळ होती. चार वर्षांची यशू आत्ता कुठे झोपली होती. ती झोपली की घरात जी शांतता उतरायची, ती रेणुका तुपासारखी पुरवून पुरवून वापरायची. शिवणयंत्रावर एक ब्लाऊज अर्धा होता. तिने तो तसाच सुईखाली सोडला आणि पावलं न वाजवता आतल्या खोलीच्या दारात गेली. सासूबाई, सिंधूताई, पलंगाच्या कडेवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर रबराची शेकायची पिशवी होती, तिच्या तोंडातून वाफ येत होती, आणि पिशवीचं बूच पलंगाखाली पार भिंतीपाशी जाऊन बसलं होतं. खाली वाकून ते काढणं सिंधूताईंना जमणारं नव्हतं.

रेणुकेने बूच काढून दिलं आणि कंबर धरली का म्हणून विचारलं.

"धरली कुठं. जराशी शेकून राह्यली." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "चंदूले सांगू नको, बाई. लय हौसेनं आणले त्यानं ते चाकं."

चंदू म्हणजे चंद्रशेखर, रेणुकेचा नवरा. उंद्रीहून रोज चिखलीला एका कृषी केंद्रात कामाला जायचा. घरची गाडी जुनी, चंदेरी रंगाची, दाराला दोन ठिकाणी पोचे आलेली. त्या गाडीला त्याने याच आठवड्यात चार नवीकोरी अलॉयची चाकं बसवून आणली होती. आधीच्या लोखंडी चाकांपेक्षा एक इंच मोठी, फुलाच्या पाकळ्यांसारख्या दांड्यांची. वर टायर रुंद आणि पातळ. रबराची नुसती काठ लावल्यासारखी पट्टी. संध्याकाळी आला की तो दात घासायचा जुना ब्रश घेऊन ती चाकं घासत बसायचा आणि यशू बाजूला उकिडवी बसून त्याला कुठे माती राहिली ते दाखवायची. तिने चारी चाकांना बहिणी करून टाकलं होतं. कोणती थोरली, कोणती शेंडेफळ, तेही ठरलं होतं.

ही सगळी हौस आईसाठीच होती, हीच तर पंचाईत. दोन वर्षांमागे सिंधूताईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडीत बसायला मनाई केली नव्हती, पण दणका बसता कामा नये, असं बजावून सांगितलं होतं. आपल्या रस्त्यांवर दणका न खाता कुठे जायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून सिंधूताई उंद्रीच्या बाहेर म्हणून पडल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण जनकाबाई बीबी या गावी. तिला गुडघ्यांनी घरात बसवलेलं, हिला मणक्यानं. दोघी रोज फोनवर एकमेकींना आपापलं दुखणं कमी आहे असं सांगायच्या.

आणि येत्या रविवारी जनकाबाईच्या नातवाच्या मुलीचं बारसं होतं. या दोघींच्या घरात पाळणा जोडीनं म्हणायची रीत होती. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. त्यांची आई आणि मावशी तसंच म्हणायच्या, नंतर या दोघी. घरातलं एकही बाळ एकटीच्या पाळण्यावर नाव घेऊन आलेलं नव्हतं. मागच्या साली एक बारसं फोनवर करून पाहिलं. तर जनकाबाईची ओळ उंद्रीला पोहोचायची, सिंधूताईंची परत बीबीला जायची, तोवर पाळण्याची दोरी हातात धरून बाया ताटकळत उभ्या. बाळ शेवटी झोपून गेलं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर सिंधूताई बराच वेळ हसल्या आणि मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या, हे रेणुकेने पाहिलं होतं.

म्हणून चंद्रशेखरने ठरवलं होतं की यंदा आईला मावशीच्या दारात थाटात उतरवायचं. नवी चाकं बसवल्यावर त्याने आईला फाट्यापर्यंत चक्कर मारून आणली. उतरताना सिंधूताई हसून म्हणाल्या, लय मस्त. आणि आता ही शेकायची पिशवी.

"रविवारी काय करसान मग?" रेणुकेने विचारलं.

"ताप आला म्हणीन. तुम्ही सगळे जा. त्याचं मन नको मोडू." रेणुकेने नाही सांगत म्हणून शब्द दिला.

रेणुका परत मशीनवर येऊन बसली, पण पाय चालेना. खरं सांगावं तर सासूबाईंना दिलेला शब्द मोडतो आणि नवऱ्याचा चेहरा उतरतो. न सांगावं तर रविवारी म्हातारी खोटा ताप घेऊन घरात एकटी पडते आणि बीबीला पाळणा पुन्हा अर्धा राहतो. यशू उठली, तिला दूध दिलं, तिची वेणी घातली, तेव्हा कुठे रेणुकेला सुचलं. शब्द दिला होता तो न सांगण्याचा. न दाखवण्याचा कुठे दिला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली की अस्तराचं कापड घ्यायला मलाही चिखलीला यायचंय, गाडी मी चालवते, हात बसला पाहिजे. तुम्ही यशूला घेऊन मागे बसा. मागे म्हणजे डावीकडे, जिथे आई बसते तिथे. चंद्रशेखरला यात काही वावगं दिसलं नाही. फाट्यापर्यंत तो यशूशी गाणी म्हणत होता. मग रस्त्याचा उखडलेला तुकडा लागला. रेणुकेने एकही खड्डा चुकवला नाही. पहिल्याला त्याचं गाणं तुटलं. दुसऱ्याला तो म्हणाला, सावकाश. शाळेपाशी लागोपाठ गतिरोधक आले तेव्हा त्याने एका हाताने वरची कडी धरली आणि दुसरा हात आपसूक कमरेवर गेला. तो हात तिथेच राहिला.

"रेणू, आईले लागलं का?"

तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मले काऊन इचारता? तुमच्या कमरेले इचारा."

त्याने गाडी थांबवायला लावली. उतरून चाकासमोर उभा राहिला आणि पाकळ्यांवरची धूळ नकळत रुमालाने पुसली. पुसता पुसता म्हणाला की काढून टाकू, जुनी लोखंडीच बसवू. त्याचा आवाज असा झाला होता की रेणुकेलाच वाईट वाटलं. ती म्हणाली, चाकं राहू द्या की, चाकांनी काय केलं, टायर बदलून पाहू.

चिखलीत मेहबूबभाईंचं टायरचं दुकान होतं. मागे घर, पुढे दुकान, आणि मधल्या पडद्याआडून सकाळपासून फोडणीचा वास. ते पातळ टायर बसवताना याच मेहबूबभाईंनी एकदम हीरो दिसंन म्हणून चंद्रशेखरच्या पाठीवर थाप मारली होती. आता सगळं ऐकून त्यांनी स्वतःच्याच कपाळावर मारली. अम्मी बसणार हे मला सांगायला पाहिजे होतं, म्हणाले, मी पोराची गाडी समजून टायर दिला. मग रेणुकेला बोलावून त्यांनी टायरच्या अंगावरचे आकडे दाखवले. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा रबराच्या उंचीचा, पण तो रुंदीच्या शेकड्यात मोजायचा. पंचावन्न म्हणजे रुंदीच्या जेमतेम अर्ध्यावर. तिसरा आकडा रिमचा, इंचात. दुसरा आकडा जितका लहान तितकं रबर पातळ, आणि खड्ड्याचा दणका रबरानं खाल्ला नाही तर तो बसणाऱ्याच्या हाडात जातो.

चंद्रशेखर म्हणाला, मग जाडात जाड द्या.

ज्याला आईच्या दुखण्याबद्दल अपराधी वाटतं त्याला मधलं काही दिसत नाही. मेहबूबभाईंनी तितक्याच रुंदीचा, पण चांगला उंच, पासष्टचा टायर बसवला. पातळ टायरांनी अजून चार गावंही पाहिली नव्हती, ते त्यांनी परत घेतले. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे घासत नव्हतं. गाडी कशी गुबगुबीत दिसायला लागली. संध्याकाळी सिंधूताईंना मागे त्यांच्या जागी बसवून फाट्यापर्यंत नेलं. या खेपेला त्या लय मस्त म्हणाल्या नाहीत. उतरल्या आणि म्हणाल्या, रविवारी कोणतं लुगडं नेसू? रेणुकेला कळलं, हे खरं आहे.

रविवार उजाडला. गाडीत माणसं बसवायचं काम सासऱ्यांचं, जानरावांचं. जानराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी रिकामी सीट दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. डिक्कीत तांदळाचं पोतं, कुरड्यांचा डबा, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. टपावर नवा सागवानी पाळणा, सुटा करून दोरीने बांधलेला. तो पाळणा बनवणारे शेजारचे इंद्रभानकाका मागच्या सीटवर, कारण बीबीला जाऊन तो जोडायचा तर त्यांच्याशिवाय कोणाला जमणार? काका अंगाने असे की एकटेच दीड माणसाची जागा घेत. मध्ये रेणुका, मांडीवर यशू, आणि डाव्या बाजूला पाठीशी उशी लावून सिंधूताई, नवं हिरवं लुगडं नेसून. जानराव पुढे बसले, मागे वळून त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि दारावर दोनदा टकटक केलं. डबल बेल.

गाडी गल्लीच्या वळणावर आली आणि मागून खर्र्र करून आवाज आला. जणू कोणी खापरावर विळा ओढला.

चंद्रशेखरने ब्रेक लावला. पुन्हा हळूच पुढे घेतली. पुन्हा खर्र्र. उतरून पाहतो तो मागच्या दोन्ही चाकांचं रबर वरच्या पत्र्याला टेकलेलं. टायरच्या कडेवर ओरखडे. सिंधूताईंनी पाठीमागची उशी काढून मांडीवर घेतली.

"मले उतरवा, बापा," त्या म्हणाल्या. "माह्या एकटीचं वजन कमी झालं तं बाकीचे आरामात जाता. जनकाले सांगजा, तिनं एकटीनं म्हणावं."

"आई, तुम्ही उतरायचं नाई." रेणुकेचा आवाज तिलाच मोठा वाटला. मांडीवरची यशूसुद्धा वळून पाहायला लागली. "बाकी कोणीबी उतरो. तुम्ही नाई."

इंद्रभानकाका स्वतःहून उतरले. तुम्ही हळू हळू चिखलीपर्यंत चला, मी मागून येणाऱ्या काळीपिवळीनं येतो, टायर बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका, म्हणाले. रबर घासून फुटलं म्हणजे? तेही खरंच होतं. ते उतरल्यावर खर्र्र थांबलं, फक्त मोठ्या खड्ड्यात एखादा ओरखडा ऐकू यायचा, आणि दरवेळी चंद्रशेखरची मान खांद्यात जायची.

मेहबूबभाई दुकान उघडून चहाच घेत होते. अख्खं कुटुंब पाहून ते उठून उभे राहिले. मी त्या दिवशी सगळं तपासलं होतं, म्हणाले, कुठंच घासत नव्हतं.

"खाली गाडी तपासली न तुम्ही," जानराव म्हणाले. "खाली गाडी तं डेपोत उभी राह्यते, मेहबूबभाई. रस्त्यावर भरलेलीच जाते."

सगळ्यांची चूक तिथेच होती. या घरातली गाडी गेल्या दहा वर्षांत रिकामी कधी धावली नव्हती आणि तिचं माप मात्र रिकामीचं घेतलं होतं. रेणुकेला एकदम आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. त्या बाईने श्वास धरून ठेवलेला असताना तिने ब्लाऊजचं माप घेतलं होतं, आणि बाई जेवायला बसल्यावर हुकं तुटली होती. तिने पर्समधून टेप काढली. शिंपीणबाईच्या पर्समध्ये दुसरं काही असो नसो, टेप असतेच.

तोवर इंद्रभानकाका काळीपिवळीतून येऊन पोहोचले होते. रेणुकेने त्यांना पुन्हा गाडीत बसवलं. त्यांना वाटलं निघाले, त्यांनी दारही लावून घेतलं. सिंधूताईंना मात्र तिने बसू दिलं नाही. मेहबूबभाईंच्या बायकोने, जहांआराभाभींनी, त्यांना आधीच पडद्याआड नेऊन बाजेवर आडवं केलं होतं. त्यांच्या जागी भाभींचं गव्हाचं पोतं आलं. जानराव पुढे बसले, यशू काकांच्या मांडीवर, आणि मेहबूबभाई भरल्या गाडीखाली पोत्यावर आडवे होऊन पत्रा आणि रबर यांच्यात बोट घालायला लागले. बोट जाईना.

"मूळची चाकं होती तेव्हा कधीच घासलं नाही," रेणुका म्हणाली. "मग मूळच्याचाच घेर धरू न. त्याचं एखादं माप सापडंन का?"

मेहबूबभाई खालूनच हसायला लागले. स्टेपनी, म्हणाले.

डिक्कीतलं तांदळाचं पोतं, डबा, लाडू सगळं रस्त्यावर आलं आणि तळातून जुनं लोखंडी चाक निघालं. रेणुकेने त्याच्याभोवती टेप गुंडाळली, जशी बाईच्या कमरेभोवती गुंडाळावी तशी. साठ इंचाची टेप संपली, तिथे खडूची खूण केली, पुढे साडेसोळा इंच आले. मग गाडीवरचा जाड टायर उतरवून मोजला. दोन इंच जास्त. दुकानात ठेवलेला परवाचा पातळ मोजला, तर तीन इंच कमी. म्हणजे एक अंगाला तंग आणि एक ढगळ. तिला हे सगळं इतकं सोपं वाटलं की तीच चकित झाली. आतली रिम एक इंचाने वाढवली, तर वरचं रबर तेवढ्याच मानाने उतरवायचं, पण बाहेरचा घेर हलू द्यायचा नाही. घेर तोच, तर घासणार नाही. रबर बसेल तेवढं ठेवलं, तर दणका आईपर्यंत जाणार नाही. मेहबूबभाईंनी त्यात आपली भर घातली. रुंदीही थोडी आत घेऊ, एकशे पंच्याण्णवच्या जागी एकशे पंच्याऐंशी, उंची पासष्टच. घेर बरोबर राहिला की वेगाचा काटाही खोटं बोलत नाही.

त्या मापाचे दोनच टायर दुकानात होते. उरलेले दोन रस्त्यापलीकडच्या दुकानात. त्या दुकानदाराशी मेहबूबभाईंचं बोलणं का बंद होतं हे त्यांनाही आता नीट आठवत नव्हतं. जानराव जाऊन बोलले. काय बोलले कोण जाणे, पण तो माणूस स्वतः दोन टायर दोन हातांनी ढकलत रस्ता ओलांडून आला, आणि आल्यासारखा चहा पिऊन गेला.

पहिलं चाक तयार झाल्यावर रेणुकेने टेप लावली. साठ, आणि वर पावणेसतरा. फरक पाव इंचाचा. चारी चाकं चढली, माणसं चढली, पोतं चढलं. मेहबूबभाई पुन्हा गाडीखाली गेले.

"दो उंगली," खालून आवाज आला. "आरामात दोन बोटं जातात, वहिनी."

पडद्याआड सिंधूताई हलक्या आवाजात जहांआराभाभींना पाळण्याची चाल शिकवत होत्या. निघताना भाभींनी बाळासाठी स्वतः विणलेलं पिवळं टोपडं दिलं आणि म्हणाल्या, परत जाताना इथूनच जा अम्मी, पुढची ओळ राह्यली.

मेहकर मागे पडलं. रस्ता कुठे चांगला, कुठे जसा असतो तसा. चंद्रशेखर सुरुवातीला प्रत्येक खड्ड्याला आरशातून मागे पाहत होता. पहिला मोठा खड्डा आला, गाडी वर गेली, खाली आली, आणि काहीच झालं नाही. ना खर्र्र, ना आईचा आवाज. त्याने पुन्हा आरशात पाहिलं तर आईचं डोकं रेणुकेच्या खांद्यावर कललेलं. घाबरून त्याने विचारलं, काय झालं?

"झोपल्या," रेणुका म्हणाली.

गाडीत कोणी नंतर मोठ्याने बोललं नाही. जानरावांनी इंद्रभानकाकांना खुणेनेच गप्प केलं. दोन वर्षं जी बाई गाडीच्या नावाने अंग आखडून घ्यायची, ती बीबी येईपर्यंत झोपून होती, तोंड थोडं उघडं, हिरव्या लुगड्याचा पदर यशूच्या मुठीत.

बीबीला जनकाबाई अंगणातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. गाडी दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी अलॉयची चाकं पाहिली आणि चंद्रशेखरला जे हवं होतं ते मिळालं. पण जनकाबाईंनी चाकांकडे पाहिलंच नाही. काठी टेकत उठल्या आणि बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "वाळली वो तू." सिंधूताई म्हणाल्या, "अन् तू फुगली." मग दोघी एकमेकींना धरून अशा उभ्या राहिल्या की कोण कोणाला सावरतंय ते कळेना.

इंद्रभानकाकांनी पाळणा जोडला. झेंडूची माळ लावली. दोरीचं एक टोक थोरलीच्या हातात, एक धाकटीच्या. दोघी खुर्च्यांवर बसून. जुन्या ओळी झाल्या, बाबासाहेबांचं नाव झालं, रमाईचं झालं. मग जनकाबाईंना लहर आली. त्यांनी बाळाकडे पाहून मनानेच जुळवलेली ओळ टाकली:

"बीबीच्या वाटेनं कोण गं आलं?"

सिंधूताईंनी श्वासही घेतला नाही.

"चार चाकं लावून माहेर चालून आलं."

बाया हसल्या, पाळण्याला झोका मिळाला, बाळ टक्क जागं होतं आणि या खेपेला कोणाची ओळ वाटेत अडकली नाही. चंद्रशेखर दाराशी उभा राहून डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं करत होता. रेणुकेने त्याच्याकडे पाहणं टाळलं. पाहिलं असतं तर तिच्याही डोळ्यात गेलं असतं.

दिवस कलला तेव्हा निघायची वेळ झाली. जानरावांनी सीटा मोजल्या. सिंधूताई गाडीत बसल्या, जनकाबाई बाहेर उभ्या, आणि खिडकीच्या काचेवरून दोघींनी हात धरले. आता काय, टायर झाले, दर महिन्याला येत जाजो, असं थोरली म्हणाली. हाव, येत जाईन, धाकटी म्हणाली. गाडी सुरू झाली तरी हात सुटले नव्हते. चंद्रशेखरने गियर टाकला नाही, नुसता वाट पाहत राहिला. शेवटी जनकाबाईंनीच सोडला आणि काठी उंचावली. मागच्या काचेतून ती काठी वळणापर्यंत दिसत होती. सिंधूताई मान न वळवता समोर पाहत होत्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. पाळण्याचीच ओळ असावी.

यशू रेणुकेच्या मांडीवर उभी राहून त्या काठीकडे पाहत होती. काठी दिसेनाशी झाली तशी ती खाली बसली, आणि जरा वेळ विचार करून तिने आईच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आपले चारी चाकं बहिणी आहेत न? ते तं एकाच गाडीले राह्यतात. मग मोठी आजी अन् आजी अलग अलग गावात काऊन राह्यतात?"